मैफल संपण्याची वेळही छापावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शास्त्रीय संगीताच्या मैफलींना तरुण श्रोता का येत नाही, याविषयीची वाचकपत्रे गेले काही आठवडे आपल्या दैनिकात वाचत आहे. बहुतेक पत्रलेखकांनी दोष मोबाइलला, दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांना आणि मिरवणुकीतल्या डीजेला दिला आहे, आणि शेवटी 'आजच्या पिढीला अभिरुचीच नाही' असा निकालही देऊन टाकला आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत मराठी शिकवले, आणि निवृत्तीनंतर समविचारी सहा-सात जणांसह मिरज परिसरातील शाळांतून छोट्या मैफली भरवण्याच्या खटपटीत आहे. त्या अनुभवावरून सांगते की, तरुणांची आवड हा या प्रश्नातला अगदी शेवटचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा मुक्कामी एसटीचा आहे.

हे विनोदाने म्हटलेले नाही. बेडग, आरग, सलगरे, म्हैसाळ अशा गावांतून मिरज-सांगलीला शिकायला येणाऱ्या मुलींची मी उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळी सहाची वेळ असते. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रायोजकांचे मनोगत आणि आभार यांत पाऊण-एक तास जातो, त्यानंतर तंबोरे पुन्हा लावले जातात, आणि गायक विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाची पहिली आवर्तने भरू लागतो तेव्हा साडेसात होऊन गेलेले असतात. राग आकाराला येऊ लागला की मुलीला घड्याळ पाहावे लागते, कारण आठ-साडेआठनंतर गावाकडे गाडी नाही, आणि जी वसतिगृहात राहते तिचे दार तेवढ्याच सुमारास बंद होते. ती चपला हातात घेऊन, वाकून, मधल्या वाटेने बाहेर पडते, आणि पुढच्या सोफ्यावर बसलेले आम्ही ज्येष्ठ रसिक मान वळवून नापसंती दाखवतो. मीही पूर्वी दाखवत असे. ती मुलगी पुन्हा आली नाही, तर ते तिच्या अभिरुचीचे अपयश म्हणायचे की आपल्या आखणीचे, याचा विचार व्हायला हवा.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला या गोष्टीची बोच अधिक लागते, कारण ऐकण्याचे दार उघडे असण्याचा अर्थ या गावाला ठाऊक आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत होणारी संगीत सभा आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकली. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब या दर्ग्यात दरवर्षी सेवा म्हणून गात असत, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही याच आवारात झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभरचे कलावंत आजही तेथे हजेरी लावतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून ती सभा ऐकली. ऐकली म्हणण्यापेक्षा तिच्यात झोपले, मध्येच जागी झाले, पुन्हा झोपले. तिकीट नव्हते, पास नव्हता, कोणी वय विचारले नाही, कोणी 'शांत बसा' म्हटले नाही. शेजारी भाजी विकणारी बाई होती, पलीकडे सतारी करणारे कारागीर होते, आणि गाणारा माणूस दहा-बारा हातांवर होता. पुढे मला गाणे आले नाही, पण गाण्याची भीती वाटली नाही, ती त्या रात्रींमुळे.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या तिकिटाला आज आपण अडथळा म्हणतो, ते तिकीट एके काळी दार उघडण्यासाठीच आले होते. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि पुढच्या भ्रमंतीत काठेवाडात तिकीट लावून जाहीर जलसा केला. तोवर उत्तम गाणे ऐकायचे तर राजवाड्यात किंवा सरदाराच्या दिवाणखान्यात बोलावणे यावे लागे, आणि बोलावणे कुणाला येई हे सांगायला नको. चार आणे मोजणारा कुणीही कारकून, दुकानदार, विद्यार्थी आत येऊन बसू शकतो, ही त्या काळात केवढी धाडसी कल्पना होती! १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढण्यामागेही तीच ओढ होती: विद्या एखाद्या घरातून बाहेर पडून वर्गात यावी. त्या तिकिटाचे आज काय झाले आहे, ते पाहावे. मोठ्या महोत्सवांत पुढच्या रांगा प्रायोजकांच्या पाहुण्यांना जातात, त्यांतल्या कित्येक खुर्च्या अखेरपर्यंत रिकाम्या असतात, आणि जो विद्यार्थी बोटांच्या हालचालींवरून तबला शिकू पाहतो तो सर्वांत मागे, पडद्यावर मोठे करून दाखवलेले चित्र बघत उभा असतो. दिवाळी पहाटेचे पास 'विनामूल्य' असतात खरे, परंतु ते कुठे, केव्हा आणि कुणाकडे मिळतात हे ज्यांना ठाऊक असते त्यांनाच ते मिळतात. बोलावण्याचा जुना दिवाणखाना पासच्या रूपाने परत आला आहे, असे मला वाटते. (पुण्या-मुंबईत बँडचे प्रत्यक्ष वादन ऐकू इच्छिणाऱ्या मुलांची तऱ्हा वेगळी नाही. असे कार्यक्रम पुष्कळदा मद्य मिळणाऱ्या ठिकाणी होतात, आणि अकरावी-बारावीतल्या, गिटार वाजवणाऱ्या मुलाला तेथे प्रवेशच नसतो. संगीताचा प्रकार बदलला तरी दार तेच.)

या दाराला हात घालण्याचे काम आपल्या देशात कुणी केलेच नाही, असे नाही. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये 'स्पिक मॅके' ही चळवळ सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना त्यांनी डागरबंधूंचे धृपद ऐकले, आणि परत आल्यावर त्यांच्या मनात आले की हे आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याच आवारात ऐकायला हवे. आज अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असलेल्या या चळवळीचे मर्म मला तिच्या मोठ्या नावांत दिसत नाही. बिस्मिल्ला खाँसाहेबांपासून हरिप्रसाद चौरसियांपर्यंत मोठी नावे तिच्या व्यासपीठावर आली, हे सर्वश्रुत आहे. मर्म आहे ते कामाच्या वाटणीत. कलावंताला स्थानकावरून आणायचे, सतरंज्या घालायच्या, समया पुसायच्या, चहा करायचा, फलक रंगवायचा, हे सारे विद्यार्थी करतात, तिकीट नसते, कलावंत आपल्या नेहमीच्या बिदागीपेक्षा कमी मानधन घेऊन येतो, आणि गाण्याबरोबर बोलतोही, म्हणजे ज्याला आपण सप्रयोग व्याख्यान म्हणतो तसे काही होते. ज्या मुलाने सकाळी सतरंजी अंथरली, तो संध्याकाळी त्या सतरंजीवरून उठून जात नाही. ही साधी गोष्ट आमच्या कित्येक जुन्या संगीत मंडळांना उमगलेली नाही. तेथे तरुणाला 'श्रोता म्हणून या' असे निमंत्रण असते, 'कार्यकर्ता म्हणून या' असे नसते, आणि कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतला माणूस औषधालाही सापडत नाही. किरण सेठ यांनी २०२२ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, याच कामासाठी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सायकलने प्रवास केला. आपण निदान गावातल्या शाळेपर्यंत चालत जाऊ शकतो.

तरीही माझी एक तक्रार नोंदवते, आणि ती आपुलकीची आहे. अशा चळवळींचा ओढा अभियांत्रिकी महाविद्यालये, नामांकित विद्यापीठे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे अधिक राहिला, कारण तेथे सभागृह असते, पत्राला उत्तर देणारा अधिकारी असतो आणि पाहुण्याला उतरवायला खोली असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत यांतले काहीच नसते. चेन्नईत गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ पासून उरूर-ऑल्कॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीत संगीत-नृत्याचा उत्सव भरवला, त्याचे महत्त्व म्हणूनच वाटते. वस्तीला सभागृहात बोलावण्याऐवजी त्यांनी मैफलच वस्तीत नेली, आणि कर्नाटक संगीताच्या शेजारी वस्तीतल्या कलाप्रकारांनाही त्याच मंचावर जागा दिली. आपल्याकडे हे मुळीच अवघड नाही. ज्या गावात एकादशीला पखवाजावर भजन होते, तेथे प्रत्यक्ष संगीत मुलांच्या कानावर पडतच असते. त्या भजनी मंडळातल्या पखवाजवादकाला शाळेत पहिल्यांदा बसवा, मग तबलजीला बोलवा. मुलांना हात ओळखीचा वाटतो.

आमच्या छोट्या गटाने जे केले त्याला चळवळ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु त्यातून हाती आलेली एक गोष्ट मुद्दाम मांडते. सुरुवातीला आम्हीही कार्यक्रम संध्याकाळीच ठेवत होतो, आणि मोजकी मुले, तीही शिक्षकांच्या धाकाने, येत होती. मग एका मुख्याध्यापकांनी सुचवले की दुपारच्या सुट्टीनंतरचे दोन तास घ्या. गाणाऱ्या मुलीने त्या दिवशी भीमपलासी हा दुपारचा राग मांडला. कार्यक्रमानंतर ती म्हणाली की, हा राग मी शिकले, त्यावर परीक्षा दिली, पण त्याच्या वेळेला लोकांसमोर आज पहिल्यांदा गायले. तेव्हा लक्षात आले की आपल्या मैफली संध्याकाळी आणि रात्री होत असल्यामुळे दुपारचे राग जवळजवळ बेघर झाले आहेत. वृंदावनी सारंग, भीमपलासी, मुलतानी यांचे प्रहर आणि शाळेची वेळ ही एकच आहे. अकरा ते पाच ही जी वेळ रसिकांच्या दृष्टीने कामाची, म्हणून गाण्याला निरुपयोगी, तीच वेळ मुलांच्या हक्काची आहे, आणि त्या वेळेला शोभणारे राग आपल्याकडे वापराविना पडून आहेत. त्या दिवसापासून आम्ही संध्याकाळचा नाद सोडला. मुक्कामी गाडीचा प्रश्नही आपोआप सुटला.

शाळेतल्या मैफलीला ध्वनिक्षेपक लागत नाही, हेही सांगायला हवे. ऐंशी मुले, दोन तंबोरे, तबला आणि पेटी एका मोठ्या वर्गात सहज मावतात. बाके मागच्या भिंतीला लावली आणि पंखे बंद केले की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमता झंकार, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. मुलांना सर्वांत नवल वाटते ते याचेच. आजवर त्यांनी ऐकलेला प्रत्येक सूर कुठल्या तरी पेटाऱ्यातून किंवा कानातल्या बोंडातून आलेला असतो, आणि येथे तो माणसाच्या गळ्यातून आणि भोपळ्यातून येतो. एका शाळेत गाणे संपल्यावर सातवीच्या एका मुलाने तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून विचारले, 'आत काय आहे?' आत काहीच नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. ज्या गावात शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हत्यारे सोडून वाद्ये घडवायला घेतली, ज्या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावापासून हाकेच्या अंतरावरचा हा मुलगा. आम्ही त्या वर्गाला पुढच्या महिन्यात सतारमेकर गल्लीत नेले. कारागीर काम थांबवून मुलांशी तासभर बोलले, आणि त्यांनी कुठलेही मानधन घ्यायचे नाकारले, याची मला थोडी खंतही वाटते.

खंत अशासाठी की, मुलांसाठी कार्यक्रम म्हणजे फुकट कार्यक्रम, ही समजूत कलावंतांच्या मुळावर येणारी आहे. श्रोत्याला तिकीट नसावे, हे मान्य. पण गाणाऱ्याला बिदागी नसावी, हे मान्य नाही. शाळेत येणारे कलावंत बहुधा पंचविशी-तिशीतले असतात, त्यांच्या शिकवण्या बुडतात, तंबोरे घेऊन प्रवास करावा लागतो, आणि साथीदारांना द्यावे लागतेच. आम्ही गावातल्या दहा-वीस घरांकडून दरमहा ठरावीक वर्गणी घेतो, त्यातून गायक आणि दोन्ही साथीदार यांना रक्कम थोडी का होईना, पण पाकिटात घालून, मुलांच्या देखत देतो. मुलांनी ते पाहावे असा हेतू असतो. गाणे हे काम आहे आणि कामाचा मोबदला असतो, हे आठवीच्या वर्गात कळले तर त्या वर्गातल्या एखाद्या मुलीचे वडील पुढे 'गाण्याने पोट भरते का' असे विचारताना निदान क्षणभर थांबतील.

'सगळे यूट्यूबवर आहे, मग प्रत्यक्ष कशाला,' असा प्रश्न पालक नेहमी विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. ध्वनिमुद्रिकेची ताकद मी नाकारत नाही. भीमसेन जोशींना लहानपणी घराबाहेर काढले ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेनेच. पण त्या मुलाने पुढे काय केले? तो गुरूच्या शोधात विनातिकीट गाड्यांतून उत्तर हिंदुस्थानभर हिंडला, आणि अखेर खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापुढे कुंदगोळला जाऊन बसला. तबकडीने तहान लावली. पाणी माणसाकडेच मिळाले. त्याच भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू केला, आणि कित्येक वर्षे तेथे जमिनीवरच्या बैठकीत बसून रात्री जागवलेले विद्यार्थी आज साठी-सत्तरीचे रसिक आहेत. आजच्या मुलाजवळ तबकडीपेक्षा कितीतरी अधिक साठा आहे, हे खरे. त्याच्याजवळ कुंदगोळ नाही.

याहून गंभीर बाब परीक्षांची आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना आपल्या राज्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने मुले बसतात, म्हणजे मुलांना संगीताचे वावडे आहे हे विधान येथेच फोल ठरते. मात्र आमच्या भागातल्या अशा मुलांना मी विचारत असते की, 'तू समोर बसून संपूर्ण राग कधी ऐकलास?' उत्तर फार थोड्यांकडे असते. रागाचा वादी-संवादी पाठ आहे, आरोह-अवरोह पाठ आहे, दहा आलाप आणि दहा ताना वहीत उतरवलेल्या आहेत, पण तो राग तासभर उलगडताना पाहिलेला नाही. विहीर न पाहता पोहण्याची परीक्षा दिल्यासारखा हा प्रकार आहे. परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याला वर्षभरात निदान चार प्रत्यक्ष मैफली ऐकल्याची नोंदवही आवश्यक करावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी मैफली जवळ, परवडणाऱ्या आणि वेळेत संपणाऱ्या असाव्या लागतील. आणि हजारो मुलांना त्यांची गरज निर्माण झाली, तर गावोगावच्या संगीत मंडळांना त्या भरवाव्याच लागतील.

शासनाकडून फार अपेक्षा नाहीत, तरी दोन आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शाळांमध्ये शिकवण्यासाठी बोलवावे, असे म्हटलेले आहे. त्या वाक्याला मुख्याध्यापकाच्या टेबलावरच्या परिपत्रकाचे रूप आले, म्हणजे बाहेरच्या माणसाला वर्गात बसवल्याबद्दल त्यांना वरिष्ठांना खुलासा द्यावा लागणार नाही. आम्हाला एका शाळेने केवळ या भीतीपोटी तीनदा परत पाठवले. मुख्याध्यापिकेला गाणे हवे होते, कागद नव्हता. दुसरी अपेक्षा पालिकांकडून. रविवारी सकाळी बंद असणाऱ्या पालिका शाळांची सभागृहे संगीत मंडळांना विनाभाडे मिळावीत, अट एवढीच की पुढच्या तीन रांगा पंचविशीच्या आतल्यांसाठी राखाव्यात. मागच्या नव्हे, पुढच्या. तोडी आणि जौनपुरी ऐकायला रविवारची सकाळ फार चांगली असते, आणि बाराच्या आत सगळे घरी जेवायला पोचतात.

रात्रीच्या रागांचे काय, असे कोणी विचारील. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, आणि बंद सभागृहांना ती लागू नाही. नियम योग्यच आहे. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना झोप हवी. पण त्याचा परिणाम असा की दरबारी आणि मालकंस त्यांच्या खऱ्या प्रहरी समोर बसून ऐकलेली मुले आता विरळा. यावर माझ्याकडे शाळेचा उपाय नाही. ध्वनिक्षेपकाविना घरगुती बैठक हा एकच मार्ग दिसतो, आणि ज्यांच्या घरी पंधरा माणसे बसतील एवढा दिवाणखाना आहे त्यांनी वर्षातून एक रात्र तो शेजारच्या मुलांना द्यावा, पालकांसह.

शेवटी आपल्याकडे, संपादक महोदय, एक विनंती. आपल्या दैनिकात 'आजचे कार्यक्रम' हे सदर रोज येते. त्यात कलावंताचे, स्थळाचे आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव असते, प्रारंभाची वेळ असते. त्याशेजारी तीन गोष्टी छापाव्यात: प्रवेश खरोखरच सर्वांना खुला आहे की पास लागतो, पास कुठे मिळतो, आणि कार्यक्रम किती वाजता संपेल. ज्या आयोजकांना संपण्याची वेळ सांगता येणार नाही त्यांच्या कार्यक्रमापुढे 'वेळ अनिश्चित' असे छापावे. सलगऱ्याच्या मुलीला त्यावरून ठरवता येईल, आणि आयोजकांना सत्कार किती करायचे तेही.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मिरज